टर्कीची बोली

‘विहित मुदतीत उचित कार्यवाही करण्यात यावी’ असे पत्र हाती पडले, की नेमके काय करावे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दोनदा वाचूनही उमगत नाही. अशा भाषेला आपण ‘शब्दबंबाळ’ म्हणतो. इंग्रजीत तिला ‘गॉबलडिगूक’ असे गमतीदार नाव आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लहान कारखान्यांना युद्धसामग्रीची कामे मिळवून देणारे एक सरकारी महामंडळ अमेरिकेत होते. टेक्सासचे मॉरी मॅव्हरिक हे त्याचे अध्यक्ष. बोजड टिपणे वाचून ते त्रासले आणि १९४४ साली त्यांनी कर्मचाऱ्यांना बजावले : थोडक्यात व सोपे लिहा, ‘ॲक्टिव्हेशन’, ‘इम्प्लिमेंटेशन’ असले शब्द योजणाऱ्यास गोळी घालण्यात येईल! हा दम अर्थातच विनोदी होता. त्याच आज्ञापत्रात हा नवा शब्द अवतरला. टर्की नावाचा कोंबड्यासारखा पक्षी छाती फुगवून ‘गॉबल-गॉबल’ करीत डौलाने मिरवतो, त्यावरून तो सुचला, असे मॅव्हरिक यांनी पुढे सांगितले. १९५२ साली मिल्टन स्मिथ या अमेरिकन गृहस्थांनी त्यास ‘बॅफलगॅब’, म्हणजे गोंधळात पाडणारी बडबड, हे भावंड दिले.

हसू येते खरे. परंतु डौल लिहिणाऱ्याचा असतो आणि चुकलेली मुदत वाचणाऱ्याची. म्हणून अर्ज वा सूचना लिहिल्यावर ती घरात कोणास तरी वाचून दाखवावी. ‘म्हणजे काय?’ असा प्रश्न आला, तर ते वाक्य पुन्हा लिहावे.