मलीरच्या कैद्यानं अर्ज कुठे करायचा?

दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. संबंध कितीही ताणलेले असोत, 2008च्या करारातला हा रिवाज सहसा चुकत नाही. 2025च्या जानेवारीत पाकिस्ताननं 217 भारतीय मच्छीमार दाखवले, आपण त्यांचे 81. शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याभरात माणूस परत पाठवायचा, असंही त्याच करारात लिहिलंय. ते कलम मात्र सर्रास मोडलं जातं.

मी बडोद्याच्या वासण्यात राहणारा निवृत्त वकील. उमेदीची सगळी वर्षं न्यायमंदिराच्या पायऱ्या झिजवल्या. कोर्ट दिवाळीपुऱ्यात, म्हणजे आमच्या घराजवळ आलं, तोवर काळा कोट खुंटीला लागला होता. पण खोड जात नाही. शिक्षा संपूनही अडकून पडलेल्या कैद्याची बातमी वाचली की पहिला प्रश्न पडतो, यानं अर्ज कुठे करायचा? तिहारमधून सुनील बत्रा या कैद्यानं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र धाडलं, तेच याचिका म्हणून चाललं आणि 1979मध्ये निकाल लागला. पण आपले मच्छीमार असतात त्या कराचीच्या मलीर तुरुंगात आपल्या कोर्टाचा हुकूम चालत नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागायची तर सरकारनंच जावं लागतं. कुलभूषण जाधवांसाठी आपलं सरकार गेलं आणि 2019मध्ये निकाल घेऊन आलं. चांगलंच झालं. तलासरीच्या खलाशासाठी कोण जाणार?

पालघर जिल्ह्यातले तलासरी-डहाणूकडचे आदिवासी हंगामाला ओखा, पोरबंदरच्या बोटींवर जातात. उचल घेतलेली, मालक किनाऱ्यावर, तांडेल म्हणेल तिथं जाळं टाकायचं. सर क्रीक या खाडीचा दोन देशांमधला वाद मिटलेला नाही, त्यामुळे समुद्रातली हद्द नकाशावरही पक्की नाही. धरले गेले की बोट गुजरातची, माणूस महाराष्ट्राचा, कोठडी पाकिस्तानची. 2024च्या मार्चमध्ये पालघरचा एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला. देह घरी यायला जवळपास दीड महिना लागला.

आणि सुटका होते ती कशी? ‘सद्भावना’ म्हणून. कुणाचा तरी सण, कुणाची तरी भेट, की पन्नास-शंभर माणसं वाघा सीमेवर आणून सोडायची. शिक्षा भोगून झालेल्या माणसाचा हा नजराणा करणं मला तरी संतापजनक वाटतं.

युरोपला स्ट्रासबर्गचं मानवाधिकार न्यायालय आहे, अमेरिका खंडांना सान होसेचं, आफ्रिकेला अरुशाचं. दक्षिण आशियाला कुठलंच नाही. सार्कच्या सनदेनं द्विपक्षीय आणि वादाचे विषय बाहेरच ठेवले, आणि 2014च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही. पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरमची मंडळी मच्छीमारांसाठी वर्षानुवर्षं झटताहेत. त्यांनी आणि आपण सगळ्यांनीच सुटकेच्या विनंतीवर न थांबता न्यायालयच मागायला हवं.

आमच्या वासणा रोडच्या बाकड्यावर हे बोललो तर एकजण उसळला, “काका, म्हणजे पाकिस्तानला आपल्यावर केस ठोकायला दार उघडून द्यायचं?” हो. आपल्या तुरुंगातल्या त्या 81 जणांनाही आया आहेत. आपलं कागदपत्र चोख असेल तर भ्यायचं कशाला?

न्यायालय झालं की सगळं सुरळीत होईल, असं मी म्हणत नाही. अरुशा ज्या टांझानियात आहे, त्याच टांझानियानं 2019मध्ये व्यक्तींना थेट तिथं जाण्याची दिलेली मुभा काढून घेतली. सरकारं अशीच वागतात. म्हणून सुरुवात लहान करावी. 2007मध्ये दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली होती. ती तुरुंगात जायची, कैद्यांशी बोलायची; 2013नंतर तिच्या भेटी थांबल्या. ती पुन्हा नेमावी. यावेळी कैद्याचा किंवा त्याच्या बायकोचा अर्ज थेट घेण्याचा, त्यावर तारीख लावण्याचा आणि उशिराचं कारण सरकारकडून लेखी मागण्याचा अधिकार तिला असावा. याला सार्कची परिषद लागत नाही, दोन परराष्ट्र खात्यांच्या सह्या पुरतात.