मेळाव्याला न आलेला शंभरावा

मे महिन्यात चाकरमानी मालवणात आले की दहावीच्या जुन्या वर्गांचे स्नेहमेळावे ठरतात. जुन्या मित्रांच्या सहवासाने मन हलके होते, हे खरेच. पण तिथे आलेल्यांची मोजदाद होते, न आलेल्यांची सहसा होत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात येशूने सांगितलेला दाखला आहे. शंभरातले एक मेंढरू हरवते, तेव्हा मेंढपाळ नव्व्याण्णव मागे ठेवून त्या एकाच्या शोधात निघतो. ख्रिस्ती बांधवांच्या परिचयाचा हा दाखला आरोग्यासाठी सर्वांनीच ध्यानात घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक एकाकी आहे. एकाकीपणामुळे हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह व नैराश्य यांचा धोका वाढतो. न येणारा दरवेळी कामातच असतो असे नाही. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणी दारूच्या आहारी गेलेला असतो, कुणी आजाराने खचलेला असतो. 'सध्या काय करतोस?' या प्रश्नाचीच त्याला धास्ती वाटते.

मेंढपाळाने मेंढराला जाब विचारला नाही, खांद्यावर घेतले. तेव्हा मेळाव्यानंतर दोघांनी त्या मित्राच्या घरी जावे. वर्गणीचा विषय काढू नये, उपदेश करू नये. चहा घ्यावा आणि त्याचे ऐकावे. मन फारच खचलेले दिसल्यास त्याला डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जावे. एका भेटीने एकाकीपणा जात नाही.