इंजिन नंतर, आधी बुश!

आमच्या होस्टेलमध्ये मसल कारची पोस्टर्स भरपूर, पण चर्चा एकच: हॉर्सपॉवर किती? अरे, ती पॉवर पेलणाऱ्या रबराचं काय?

१९६७ ची शेवरले कॅमॅरो घ्या. मागे युनिबॉडी, पण इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन वेगळ्या सबफ्रेमवर. ती बॉडीला बोल्टने जोडलेली, मध्ये रबरी बुश. इतक्या वर्षांत रबर कडक होतं, चिरतं, दबतं. मग सबफ्रेम जागची सरकते, स्टिअरिंग ढिलं वाटतं, दरवाजा आणि फेंडरमधली फट वाकडी दिसते. आणि लोक शिव्या देतात स्टिअरिंग बॉक्सला!

आता अ‍ॅल्युमिनियमचे सॉलिड बुश मिळतात. रेसिंगला झकास, पण रस्त्याची थरथर जास्तच आत येते. पॉलियुरेथेन म्हणजे मधला मार्ग. रस्त्यावर चालवायची गाडी असेल, तर माझं मत रबरालाच. कंपनं गिळायलाच ते तिथे ठेवलंय, पैसे वाचवायला नाही! मात्र सगळे बुश एकदम बदला. एक नवा, एक जुना असलं जुगाड नको. बोल्ट आवळण्याआधी बॉडी आणि सबफ्रेमच्या भोकांतून ५/८ इंची सळई घालून बघा. दोन्ही बाजूंना ती आरपार जात नसेल, तर व्हील अलाइनमेंटचे पैसे पाण्यात.