गोवंडीत हस्की पाळताय? त्याचं टक्कल करण्याआधी हे वाचा

उन्हाळा आला की फीडवर एक ठरलेलं रील येतं. निळ्या डोळ्यांचा हस्की उघड्या फ्रिजमध्ये डोकं घालून बसलाय, मागे गाणं वाजतंय, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. कमेंटमध्ये दोन गट पडलेले असतात. एक म्हणतो, "केस काढून टाका ना त्याचे, किती हाल करताय." दुसरा म्हणतो, "तुम्हाला काही कळत नाही, तो कोट म्हणजे त्याचा एसी आहे."

दोन्ही गटांचं अर्धंच बरोबर आहे. पण या कमेंट वाचून लोक घरी ट्रिमर चालवतात किंवा भर दुपारी कुत्रा फिरवायला नेतात. आणि आता ही पिल्लं फक्त वांद्र्याच्या मोठ्या फ्लॅटमध्ये राहिलेली नाहीत. गोवंडीत, शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या गल्ल्यांतही गळ्यात चेन घातलेलं एखादं केसाळ पिल्लू दिसतं. त्यामुळे विषय नीट समजून घेऊया.

आधी बातमी काय आहे?

तामिळनाडू सरकारने 2024 मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल एक धोरण आणलं. तिथल्या हवामानाला न झेपणाऱ्या काही जातींची पैदास करू नये, असं त्यात म्हटलंय. या यादीत सायबेरियन हस्की, अलास्कन मॅलम्यूट, सेंट बर्नार्ड अशी नावं आहेत. जे चेन्नईच्या हवेला लागू होतं, ते मुंबईच्या हवेला का नाही, हा प्रश्न कुणीही विचारू शकतो. दोन्ही शहरं समुद्रकाठची, दोन्हीकडे घाम न वाळणारा उकाडा.

एक गोंधळ मात्र टाळा. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदी आणायचा प्रयत्न केला होता आणि कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांमध्ये ते परिपत्रक टिकलं नाही. तो मुद्दा रॉटवायलरसारख्या, आक्रमक समजल्या जाणाऱ्या जातींचा होता. इथे प्रश्न कुत्र्यापासून माणसाला असलेल्या धोक्याचा नाही. माणसाच्या हौसेपायी कुत्र्याला होणाऱ्या त्रासाचा आहे.

कोट एसी आहे की ब्लँकेट?

हस्की, पॉमेरेनियन, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड या सगळ्यांना दोन थरांचा कोट असतो. वर लांब, राठ केस आणि आत मऊ, लोकरीसारखा अंडरकोट. आखूड केसांचा दिसणारा लॅब्राडॉरही याच गटातला. आपल्याकडे ज्याला सर्रास 'पॉम' म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. कोट त्याचाही दुहेरी, पण पिढ्यान् पिढ्या इथेच वाढल्यामुळे तो हस्कीपेक्षा बराच निभावून नेतो.

वरचे केस ऊन थेट कातडीपर्यंत पोहोचू देत नाहीत. उन्हाळ्यात अंडरकोट गळतो आणि मोकळ्या झालेल्या केसांमधून हवा खेळते. म्हणून वस्तरा फिरवला तर कातडी उन्हात उघडी पडते, भाजू शकते आणि केस परत येताना कधी विरळ, कधी ठिगळासारखे येतात. काही कुत्र्यांमध्ये ते कित्येक महिने येतच नाहीत. शिह त्झू किंवा ल्हासा अॅप्सोची गोष्ट वेगळी. त्यांचे केस माणसासारखे वाढत राहतात, त्यामुळे ते कापून आखूड ठेवता येतात. 'शेजाऱ्यांच्या शिह त्झूचे कापले, आमच्या हस्कीचे का नको' याचं उत्तर इथे आहे.

मग एसीवाला गट जिंकला का? तर नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांमध्ये थोड्या घामाच्या ग्रंथी असतात, तेवढंच. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. जिभेवरची, तोंडातली ओल वाफ होऊन उडते आणि रक्त थंड होतं. हवेत आधीच दमटपणा असेल तर ती ओल उडत नाही. दोरीवरचे कपडे जुलैत वाळत नाहीत, तसंच.

आता आकडे बघा. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. एप्रिल 2024 मध्ये सांताक्रूझला पारा 39.7 वर गेला होता. म्हणजे बाहेरची हवाच कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम. अशा वेळी कोट कितीही भारी असला तरी त्याच्याकडे धापांशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. फेब्रुवारी 2025 मध्येही मुंबईने 38 अंश ओलांडले होते. थोडक्यात, 'मे महिना कसाबसा काढू' हा हिशेबही आता चुकतो.

गोवंडीतच वेगळं काय?

घर. नटवर पारेख कंपाउंड किंवा शेजारच्या मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड बघा. पुनर्वसनाच्या या इमारतींमधली घरं 225 चौरस फुटांची आणि दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम 3 मीटर. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने 2018 च्या सुमारास इथे केलेल्या अभ्यासात खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नसल्याचा संबंध क्षयरोगाशी जोडला गेला होता. माणसांच्या फुप्फुसांना जिथे हवा पुरत नाही, तिथे धापांवर जगणाऱ्या जनावराचं काय होणार, हे सांगायला वेगळा अभ्यास नको. पत्र्याच्या घरांत तर दुपारी छत तापतं आणि तीच धग खाली येते.

दुसरं म्हणजे पाणी. इथल्या अनेक वस्त्यांमध्ये नळाला ठरावीक वेळेतच पाणी येतं, काही घरांना विकत घ्यावं लागतं. वाढलेल्या हस्कीची एक अंघोळ म्हणजे कितीतरी बादल्या. तिसरं, वीज. रात्रंदिवस पंखा आणि वर कूलर हे बिल पिल्लाच्या किमतीत कुणी सांगत नाही. शिवाय कूलर हवेत ओल वाढवतो, त्यामुळे बंद खोलीत तो उलटाच पडतो.

याचा अर्थ 'गोवंडीवाल्यांनी कुत्रे पाळू नयेत' असा अजिबात नाही. ही भाषा कमेंटमध्ये नेहमी दिसते आणि ती चीड आणणारी आहे. याच गल्ल्यांमध्ये लोक वर्षानुवर्षं गावठी कुत्री सांभाळतात, आणि ती कुत्री या हवेत मजेत असतात. आक्षेप पाळण्याला नाही, जातीच्या निवडीला आहे. आणि एसी बंद पडल्यावर वांद्र्याच्या फ्लॅटमधल्या हस्कीचीही तीच गत होते.

पिल्लू घरात आलंच असेल तर?

पहिली गोष्ट ब्रशची. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला रोज तीन-चार मिनिटं ब्रशची सवय लावा. सोबत खाऊ द्या, पंजे आणि कान हातात धरायचीही सवय करा. सहा महिन्यांचं झाल्यावर सुरू केलं तर ते ब्रशलाच चावायला धावतं. साधारण चार ते सहा महिन्यांत पिल्लाचे मऊ केस गळून मोठेपणीचा कोट यायला लागतो, आणि घरभर कापूस उडतो तो याच काळात. तेव्हा घाबरून केस कापू नका, ब्रश वाढवा.

लोक चुकतात ते ब्रश कसा करायचा यात. वरवर फिरवला की कोट चकाचक दिसतो आणि आत गाठी तशाच राहतात. एका हाताने केस वर धरा, खालची कातडी दिसली पाहिजे, आणि तिथून ओळीओळीने विंचरत या. कानांमागे, काखेत, मागच्या मांड्यांवर गाठी आधी होतात. अंडरकोट काढायला दातांचा रेक मिळतो. तो हलक्या हाताने वापरायचा, खरवडायचं नाही.

अंघोळीआधी ब्रश झालाच पाहिजे, कारण गाठ भिजली की अजून घट्ट बसते. महिन्यातून एखादी अंघोळ बहुतेक पिल्लांना पुरते. शाम्पू कुत्र्यांचाच हवा, आपला त्यांच्या कातडीला चालत नाही. अंघोळ घालण्यापेक्षा वाळवणं जास्त कठीण. टॉवेलने टिपून, पंखा किंवा कमी गरम ड्रायर लावून, मुळापर्यंत कोरडं करायचं. पावसाळ्यात अंडरकोट ओला राहिला की वास, बुरशी आणि लालभडक ओले चट्टे ठरलेले. एवढा वेळ घरात कुणाकडे आहे, हे पिल्लू आणण्याआधी विचारायला हवं होतं. बहुतेक घरांत ते काम शेवटी आईच्या गळ्यात पडतं.

पावसाळ्यात अजून दोन गोष्टी. दाट केसांत गोचीड दिसत नाही, म्हणून रोज बोटांनी चाचपा. कानात, बोटांच्या मधे, शेपटीच्या मुळाशी. कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीतही राहतो, त्यामुळे फक्त कुत्रा साफ करून भागत नाही. गोठ्यात वापरायचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून लावू नका, त्याने विषबाधा होते. दुसरं, तुंबलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो कुत्र्यालाही होतो, माणसालाही. त्याची लस मिळते, पशुवैद्याला विचारा.

फिरवणं सकाळी सातच्या आत आणि रात्रीच. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर पंजाही टेकवायचा नाही.

विकणाऱ्यावर काही नियम आहेत की नाही?

आहेत. 2017 चे कुत्रा पैदास आणि विक्री नियम सांगतात की, पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात व्हॉट्सअॅपवर 'पंचेचाळीस दिवसांचं, डबल कोट, ब्लू आइज' अशा जाहिराती बिनधास्त फिरतात. पंचेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. म्हणजे जाहिरातच बेकायदा विक्रीची कबुली देते. केनेल क्लबचा कागद दाखवला तर तो वंशावळ सांगतो, पिल्लाला उकाडा झेपेल का हे नाही.

आणि नाही झेपलं म्हणून रस्त्यावर सोडलं तर? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पुरेशा कारणाशिवाय प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. चुकून शून्य राहिलेलं नाही, पन्नासच. हजारोंच्या पिल्लाला सोडून द्यायची किंमत वडापावच्या दोन-तीन प्लेट.

ऊन लागलं तर लगेच काय करायचं?

धापा थांबत नाहीत, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, उलटी होते, चालताना तोल जातो. यातलं काहीही दिसलं की आधी थंड करा, मग हलवा. नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांमध्ये, पंजांवर ओता. दाट केसांत पाणी वरच राहतं, बोटांनी कातडीपर्यंत पोहोचवा. पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता अडकते. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पाजा, जबरदस्तीने ओतू नका.

मग दवाखाना. जवळच्या पशुवैद्याचा नंबर आणि वेळ आजच विचारून ठेवा, कारण दुपारी एक ते पाच अनेक दवाखाने बंद असतात. मोठं रुग्णालय म्हटलं तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट. पण लक्षात ठेवा, गोवंडीतून पकडलेली रिक्षा सायनच्या पुढे जात नाही. पुढे टॅक्सी लागते आणि धापा टाकणारा पंचवीस किलोचा कुत्रा बघून प्रत्येक टॅक्सीवाला थांबेलच असं नाही. ओळखीतला कोण गाडी काढेल, ते मार्च उजाडायच्या आत ठरवून ठेवा.