थापाड्या ठरवलेला खरा बॅरन

बर्फाने झाकलेल्या रशियातून एक स्वार एकटाच चालला होता. रात्र पडली तरी गावाचा पत्ता नाही. शेवटी बर्फातून वर आलेल्या एका खुंटाला घोडा बांधून तो तिथेच झोपी गेला. सकाळी जागा होऊन पाहतो तर काय, आपण एका गावातल्या चर्चच्या अंगणात पडलो आहोत! रात्रीतून बर्फ वितळले होते आणि रात्री जो खुंट वाटला तो होता चर्चच्या शिखराचा सुळका. घोडा बिचारा वर लोंबकळत खिंकाळत होता. स्वाराने पिस्तूल काढले, एकाच गोळीत लगाम तोडला, घोडा खाली उतरवला आणि पुढचा रस्ता धरला.

ही लोणकढी थाप आज जगभरच्या मुलांना ठाऊक आहे. ती ज्याच्या नावावर खपते तो बॅरन म्युन्शहाउझेन. इंग्रजीत त्याच्या नावातले एक अक्षर गळाले आणि तो ‘मंचाउझेन’ झाला. आपल्याकडच्या शेखचिल्लीसारखा तोही कल्पनेतलाच असेल, असा अनेकांचा समज असतो. पण तो हाडामांसाचा माणूस होता. त्याला घर होते, बायको होती, शेतीवाडी होती आणि अब्रूही होती. ती अब्रू त्याच्या डोळ्यांदेखत गेली. कोणी घालवली, हे मात्र त्याला अखेरपर्यंत नीट कळले नाही.

राज्य नसलेले सरदार

हिरोनिमस कार्ल फ्रीड्रिख फॉन म्युन्शहाउझेन याचा जन्म ११ मे १७२० रोजी बोडेनवेर्डर या गावी झाला. वेझर नदीकाठचे हे गाव तेव्हा हानोव्हरच्या राज्यात होते. हानोव्हरचा राजाच त्या काळी इंग्लंडच्याही गादीवर बसलेला असे. त्या वेळी जर्मनी हा एकसंध देश नव्हता. लहानमोठी शेकडो राज्ये, धर्मगुरूंच्या जहागिऱ्या आणि स्वतंत्र शहरे यांची ती एक गोधडीच होती. या राज्यकर्त्यांच्या खालोखाल जे मोठे सरदार-जमीनदार असत, त्यांत म्युन्शहाउझेन घराणे होते. त्यांना ‘फ्रायहेर’ म्हणजे बॅरन ही पदवी होती, पण राज्य नव्हते. गढीवजा वाडा, शेते, जंगल आणि शिकारीचा हक्क एवढेच काय ते त्यांचे वैभव. आपल्याकडच्या वतनदार घराण्यांसारखेच म्हणा ना!

अशा घरात मुले पुष्कळ आणि जमीन मोजकी असे. त्यामुळे बहुतेक मुलांना कुठल्या तरी राजाच्या दरबारात किंवा फौजेत नोकरी धरावी लागे. काही जण त्या वाटेने फार वर चढत. हिरोनिमसचा एक दूरचा भाऊबंद, गेरलाख आडोल्फ फॉन म्युन्शहाउझेन, हानोव्हरचा प्रमुख मंत्री झाला. १७३७ साली सुरू झालेले ग्योटिंगेनचे विद्यापीठ उभे राहिले ते त्याच्याच प्रयत्नांनी. युरोपातल्या नामवंत विद्यापीठांत त्याची गणना होते. म्हणजे म्युन्शहाउझेन हे नाव तेव्हा विद्येसाठी आणि राज्यकारभारासाठी आदराने घेतले जात होते, हे लक्षात ठेवायला हवे.

हिरोनिमस चार वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. पोरवयातच त्याला ब्राउनश्वाइगच्या राजघराण्यात ‘पेज’ म्हणून ठेवण्यात आले. पेज म्हणजे दरबारातला हरकाम्या मुलगा, पण खानदानी. राजपुत्राच्या तैनातीत राहायचे, घोडेस्वारी शिकायची, चार मोठ्या माणसांत उठबस करायची, हेच त्याचे शिक्षण. याच घराण्यातला राजपुत्र अँटोन उलरिख रशियात गेलेला होता. किशोरवयातला हिरोनिमसही त्याच्या सेवेसाठी तिकडे रवाना झाला.

खऱ्या आयुष्याचे नाट्य

रशियात त्याचे नशीब उघडले असेच वाटले. १७३९ मध्ये घोडदळात कॉर्नेट म्हणून नेमणूक झाली आणि पुढच्याच वर्षी बढती मिळून तो लेफ्टनंट झाला. त्याच १७३९ साली त्याचा धनी अँटोन उलरिख याने रशियाच्या सम्राज्ञीची भाची अॅना लिओपोल्डोव्हना हिच्याशी लग्न केले. १७४० मध्ये या जोडप्याचे अवघ्या दोन महिन्यांचे बाळ इव्हान सहावा म्हणून रशियाच्या गादीवर बसले. आई राजप्रतिनिधी, बाप सेनापती! धन्याचा मुलगाच सम्राट झाल्यावर तरुण अधिकाऱ्याला आणखी काय हवे?

पण वर्षभरात डाव उलटला. १७४१ च्या अखेरीस पीटर द ग्रेटची मुलगी एलिझाबेथ हिने सत्ता बळकावली. अॅना, अँटोन उलरिख आणि ते बाळ कैदेत गेले. अॅना बंदिवासातच बाळंतपणात मेली. अँटोन उलरिखही पुन्हा मोकळा झाला नाही. इव्हान एकाकी कोठडीत वाढला आणि १७६४ मध्ये, चोविसाव्या वर्षी, पहारेकऱ्यांकडून मारला गेला. बर्फात अडकलेल्या घोड्याची गोष्ट सांगणाऱ्या माणसाने प्रत्यक्षात जे पाहिले ते असे होते.

हिरोनिमस राजधानीपासून दूर रिगा शहरात होता. त्यामुळे त्याच्या जिवावर बेतले नाही. पण पाठीराखाच गेल्यावर बढती कोण देणार? पुढच्या हुद्द्यासाठी त्याला १७५० पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात एक मानाचा प्रसंग मात्र वाट्याला आला. फेब्रुवारी १७४४ मध्ये एका छोट्या जर्मन संस्थानाची चौदा वर्षांची राजकन्या आईबरोबर रशियाला जाताना रिगाला थांबली. तिच्यासाठी तैनात केलेल्या मानवंदना पथकाचा प्रमुख होता म्युन्शहाउझेन. ती मुलगी म्हणजे पुढची रशियाची सम्राज्ञी कॅथरीन द ग्रेट.

त्याच वर्षी त्याने लग्न केले. बाल्टिक प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जर्मन जमीनदारांपैकी एकाची मुलगी, याकोबीने फॉन डुन्टेन, त्याची पत्नी झाली. १७५० मध्ये रजा घेऊन हे जोडपे बोडेनवेर्डरला आले. भावांमध्ये वडिलार्जित मालमत्तेची वाटणी व्हायची होती. रजा संपली तरी तो परत गेला नाही आणि शेवटी रशियन फौजेच्या यादीतून त्याचे नाव कमी झाले. पुढची चाळीस वर्षे तो शेती, शिकार आणि संसार यांत रमला. मूलबाळ झाले नाही, तरी हा संसार सुखाचा होता असे सांगतात.

बैठक रंगे ती अशी

शिकारीहून परतलेल्या मंडळींनी संध्याकाळी एकत्र बसायचे आणि एकाहून एक थापा ठोकायच्या, ही जर्मन शिकाऱ्यांची जुनी रीत. त्या भाषेत अशा थापांना ‘शिकाऱ्यांचे लॅटिन’ असे नावच आहे. म्युन्शहाउझेन या कलेत पटाईत होता. त्याने आपल्या बागेत १७६३ मध्ये एक छोटेखानी दगडी घर बांधून घेतले होते. तिथे आणि वाड्यावर मित्रांची बैठक जमे. जेवण आटोपले की तो पाइप पेटवी, पंचचा वाफाळता पेला पुढे घेई आणि रशियातल्या गोष्टी सुरू करी. अगदी गंभीर चेहऱ्याने, जणू काल घडलेलेच सांगतो आहे अशा थाटात.

ऐकणाऱ्यांना ते खोटे आहे हे माहीत असे आणि त्यांना ते माहीत आहे हे सांगणाऱ्याला माहीत असे. मग यात फसवणूक कोणाची? व्यवहारात शब्दाला पक्का म्हणूनच तो ओळखला जाई. आपल्याकडेही गावोगावी असा एखादा गप्पिष्ट असतोच. त्याला कोणी लबाड म्हणत नाही, उलट तो नसला तर बैठक सुनी वाटते.

चोरावर मोर

१७८१ मध्ये बर्लिनच्या एका विनोदी संग्रहात काही गोष्टी छापून आल्या. सांगणाऱ्याचे नाव पूर्ण दिले नव्हते, मधली अक्षरे गाळून फक्त ‘म-ह-स-न’ अशा खुणा दिल्या होत्या. पण जाणत्यांना तेवढे पुरे होते. खरा घाव बसला तो १७८५ मध्ये. लंडनमध्ये इंग्रजीत एक स्वस्तातली पुस्तिका निघाली. बॅरन मंचाउझेनने स्वतःच सांगितलेली प्रवासवर्णने अशी तिची बतावणी होती आणि लेखकाचे नाव कुठेच नव्हते.

लिहिणारा होता रुडोल्फ एरिख रास्पे. माणूस विद्वान, लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य. कासेलच्या राजाच्या संग्रहातली नाणी आणि रत्ने त्याच्या ताब्यात होती, त्यांतलीच काही त्याने विकून खाल्ली. बिंग फुटताच १७७५ मध्ये तो इंग्लंडला पळाला. रॉयल सोसायटीनेही त्याला काढून टाकले. पोटासाठी मिळेल ते लिहिणाऱ्या या माणसाने आधी राजाची नाणी लांबवली होती, आता एका सज्जनाचे नाव लांबवले.

पुस्तिका हातोहात खपली. १७८६ मध्ये कवी गॉटफ्रीड ऑगस्ट ब्युर्गर याने तिचे जर्मन रूपांतर केले आणि स्वतःची भरही घातली. तोफेच्या गोळ्यावर बसून केलेली सफर आणि स्वतःचेच केस धरून स्वतःला दलदलीतून उपसून काढणे हे प्रसिद्ध प्रसंग ब्युर्गरचे. त्यानेही नाव दिले नाही. मुखपृष्ठावर ‘लंडन’ असे छापले, पण पुस्तक छापले गेले ग्योटिंगेनमध्ये. ज्या नगरीत म्युन्शहाउझेन घराण्यातल्या एका पुरुषाने विद्यापीठ उभारले, रास्पे जिथे शिकला आणि ब्युर्गर जिथे शिकवत होता, त्याच नगरीतून त्या घराण्याच्या नावाची टवाळी घरोघर गेली!

पासष्टी ओलांडलेल्या बॅरनला याचा जबर धक्का बसला. लोक त्याला ‘थापाड्या बॅरन’ म्हणू लागले. हौशे-नवशे नुसते त्याला पाहायला बोडेनवेर्डरला येऊ लागले आणि त्यांना हाकलायचे काम नोकरांना लागले. त्याने कोर्टात जायची भाषा केली असे म्हणतात. पण खटला भरायचा कोणावर? पुस्तकावर ना लेखकाचे नाव, ना खऱ्या गावाचे. चार मित्रांत सांगितलेली गोष्ट हसून विरून जाते. छापून आली की सांगणाऱ्याचा चेहरा, त्याच्या डोळ्यांतला मिश्कीलपणा आणि ऐकणाऱ्यांचे हसू सगळे गळून पडते. उरते फक्त थाप आणि तिच्याखाली एक नाव. म्युन्शहाउझेनने पाहुण्यांना गोष्टी सांगणे बंद केले.

म्हातारपणीचा घोटाळा

१७९० मध्ये याकोबीने वारली. शेहेचाळीस वर्षांची सोबत संपली. एकटेपण सोसवेना म्हणून की वारसासाठी म्हणून, पण १७९४ च्या जानेवारीत त्र्याहत्तर वर्षांच्या बॅरनने बर्नहार्डीने फॉन ब्रुन या तरुणीशी लग्न केले. ती त्याच्याहून पन्नासपेक्षा जास्त वर्षांनी लहान होती. प्रकृतीच्या कारणावरून ती त्याच उन्हाळ्यात बाड पिर्मोंट या आरोग्यस्थळी जाऊन राहिली. तिथे औषधपाण्यापेक्षा नाचगाणीच जास्त चालली, अशी कुजबुज कानावर येऊ लागली. १७९५ च्या फेब्रुवारीत तिला मुलगी झाली. हे मूल आपले नाही, असे म्हाताऱ्याने लेखी कळवले आणि घटस्फोटाचा दावा लावला.

एका बाजूने पाहिले तर आजोबाच्या वयाच्या माणसाशी लग्न लावले गेलेल्या त्या मुलीचेही दुःख होतेच. दुसरीकडे, उभ्या जर्मनीत ज्याचे नाव थापांशी जोडले गेले होते, त्याला आता अत्यंत खाजगी आणि अत्यंत गंभीर गोष्ट कोर्टापुढे शपथेवर सांगायची होती. दाव्यात आणि पोटगीच्या भांडणात त्याचा पैसा पाण्यासारखा गेला. निकाल हाती यायच्या आधीच २२ फेब्रुवारी १७९७ रोजी तो मरण पावला. जवळच्याच केमनाडे गावच्या मठाच्या चर्चमध्ये त्याला पुरले.

रास्पे आणि ब्युर्गर हे दोघेही १७९४ मध्येच, त्याच्या आधी वारले होते. पण ते पुस्तक मुळात रास्पेचे, हे जाहीर झाले १८२४ मध्ये. तोपर्यंत बॅरनला जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती.

नाव मात्र उरले

पुढे या नावाने भलतीच मजल मारली. १९४३ मध्ये जर्मनीत त्याच्यावर मोठा रंगीत चित्रपट निघाला. त्याची पटकथा एरिख केस्टनर या लेखकाने लिहिली. नाझींनी त्याची पुस्तके जाळली होती, त्यामुळे त्याला टोपणनाव घ्यावे लागले आणि त्याने आडनाव निवडले ‘ब्युर्गर’. १९५१ मध्ये रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरने खोटी दुखणी सांगत इस्पितळामागून इस्पितळे फिरणाऱ्या रुग्णांच्या विकाराला मंचाउझेनचे नाव दिले. जो माणूस खोट्या दुखण्याबद्दल कधी अवाक्षर बोलला नाही, त्याचे नाव वैद्यकाच्या पुस्तकातही खोटेपणासाठीच नोंदले गेले.

बोडेनवेर्डरने मात्र आपल्या माणसाला टाकले नाही. त्याच्या वाड्यात पुढे नगरपालिकेचे कार्यालय आले आणि गावात त्याचे संग्रहालय झाले. तिथे एक कारंजे आहे. अर्धा कापला गेलेला घोडा पाणी पितो आहे आणि पाणी मागच्या बाजूने वाहून जाते आहे, ही त्याच्याच गोष्टीतली गंमत. याकोबीनेच्या माहेरी, आजच्या लॅटव्हियातल्या डुन्टे गावीही त्याचे संग्रहालय आहे.

मुले या कारंज्यापाशी हसतात, आणि त्यांनी हसावेच. गोष्टी त्यासाठीच होत्या. फक्त हसताना एवढे ध्यानात असावे, की बैठकीत कोणी विश्वासाने सांगितलेली गंमत त्याच्या नावासकट चव्हाट्यावर नेली, की ती त्याची राहत नाही. नाव मात्र त्याचेच राहते.