युवा विकासाची राष्ट्रीय संस्था आणि तालुक्यातला कार्यकर्ता

युवा विकासाचे काम पाहणारी ‘मेरा युवा भारत’ ही राष्ट्रीय स्वायत्त संस्था ११ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला, सरदार पटेलांच्या जयंतीदिनी, दिल्लीच्या कर्तव्यपथावर तिचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय युवा धोरण, २०१४ ने युवकाचे वय १५ ते २९ ठरवले होते, तेच या संस्थेनेही स्वीकारले. किशोरवयीनांच्या उपक्रमांपुरती मर्यादा १० ते १९ ठेवली आहे. तिचे काम मुख्यतः एका डिजिटल मंचावरून चालते. युवकाने नाव नोंदवायचे, सेवेच्या आणि अनुभवाच्या संधी शोधायच्या, केलेल्या कामाची नोंद तिथेच ठेवायची, अशी ती रचना आहे.

संस्था नवी असली, तरी तिच्यामागचा प्रश्न जुना आहे: शिकणाऱ्या आणि शिक्षणाबाहेर राहिलेल्या तरुणांपर्यंत शासनाने कसे पोहोचावे? १९५९ मध्ये केंद्राने डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी आणि ती सक्तीची असावी, असे समितीने सुचवले. खर्चाचा आणि अंमलबजावणीचा डोंगर पाहून ही शिफारस बाजूला ठेवली गेली. त्यानंतर के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतील प्रयोगांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी असे मत दिले आणि तेच पुढे टिकले. गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

राष्ट्रीय सेवा योजना आजही टिकून आहे, याचे कारण तिच्या बांधणीत सापडते. शंभर स्वयंसेवकांचे एक एकक असते आणि प्रत्येक एककाला एक कार्यक्रम अधिकारी असतो. दोन वर्षांत २४० तास नियमित काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर घ्यायचे, हे ठरलेले आहे. कार्यक्रम अधिकारी हा मुळात प्राध्यापक. अध्यापन, परीक्षा, मूल्यांकन सांभाळून तो हे काम करतो. तो मनापासून करणारा असला की एकक जिवंत राहते. नाहीतर तास फक्त वहीत भरले जातात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठाचा जुना स्वयंसेवक हे सांगेल.

महाविद्यालयाबाहेरच्या तरुणांसाठी १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रांची योजना आली आणि १९८७ मध्ये तिची स्वायत्त संघटना झाली. पुढे तिचे जाळे ६२३ जिल्ह्यांत पसरले. गावातली युवक मंडळे आणि महिला मंडळे हा तिचा पाया होता. मंडळांना उभे करायला, क्रीडा साहित्य आणि प्रशिक्षण पोहोचवायला तालुक्याला साधारण दोन राष्ट्रीय युवा स्वयंसेवक असत. महिना पाच हजार रुपये मानधन आणि जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदत, एवढाच त्यांचा आधार. एखाद्या तालुक्यात शंभराहून अधिक गावे असतात, हे लक्षात घेतले की या व्यवस्थेची मर्यादा वेगळी सांगावी लागत नाही. त्यातून स्वयंसेवकाला गावे ओळखीची होईपर्यंत त्याची मुदत संपत आलेली असते. हेच जाळे आता ‘मेरा युवा भारत’ या नावाखाली आले आहे. त्याच्यासोबत ही उणीवही नव्या संस्थेकडे आली आहे.

नोंदणी म्हणजे विकास नव्हे. मंचावर नाव नोंदवलेल्या तरुणाला संधीची सूचना मिळते. पण शाळा सुटलेली मुलगी घराबाहेर पडेल का, मजुरीला जाणारा मुलगा सायंकाळी मंडळात येईल का, हे तिथल्या माणसाने घरी जाऊन बोलण्यावर ठरते. मोबाईल आणि नेटवर्क असलेला तरुण मंचावर आधी पोहोचतो. ज्याला संस्थेची सर्वाधिक गरज असते तो शेवटी येतो किंवा येतच नाही. म्हणून मंच हे कार्यकर्त्याचे साधन असले पाहिजे, त्याची जागा घेणारे यंत्र नव्हे.

दुसरी अडचण कामाच्या वाटणीची आहे. महाराष्ट्रात राष्ट्रीय सेवा योजना उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे, युवक महोत्सव आणि युवा पुरस्कार क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे आणि जिल्हा युवा केंद्र थेट केंद्राकडे असते. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचे बहुतेक बळ साहजिकच क्रीडा स्पर्धांत जाते. केंद्रातही कौशल्य, रोजगार, शिक्षण आणि किशोरवयीनांचे आरोग्य ही वेगवेगळ्या मंत्रालयांची कामे आहेत. एकाच तरुणासाठी चार खिडक्या आहेत आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेने या अडचणीवर कायद्याचा मार्ग घेतला. तिथली राष्ट्रीय युवा विकास संस्था २००८ च्या कायद्याने, आधीचा युवा आयोग आणि उमसोबोम्वू युवा निधी एकत्र करून उभी राहिली. सर्व शासकीय खात्यांसाठी एकात्मिक युवा विकास आराखडा करण्याची जबाबदारी आणि संसदेला उत्तरदायित्व या दोन्ही गोष्टी कायद्यातच आहेत. वयोगट १४ ते ३५ असा रुंद ठेवला आहे. तरीही १५ ते ३४ वयोगटातील बेरोजगारी तिथे ४० टक्क्यांहून अधिक आहे. रोजगार निर्माण करणे अशा संस्थेच्या आवाक्यात नसते. ते अर्थव्यवस्थेचे काम आहे. मात्र कोणत्या खात्याने तरुणांसाठी काय केले, हे एका ठिकाणी विचारता येणे, ही कायद्याची खरी कमाई आहे.

भारतातील संस्था मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उभी राहिली; तिला संसदेच्या कायद्याचा आधार नाही. त्यामुळे इतर मंत्रालयांना तिच्यासमोर हिशेब द्यावा लागत नाही. तिला कायदा हवा, खात्यांच्या युवा खर्चाचा वार्षिक अहवाल संसदेसमोर ठेवण्याचा अधिकार हवा आणि प्रत्येक तालुक्यात किमान एक पूर्णवेळ, प्रशिक्षित, दीर्घ मुदतीचा युवा कार्यकर्ता हवा. तामिळनाडूतील श्रीपेरुम्बुदूर येथील राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्थेला २०१२ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळालेला आहे. हे प्रशिक्षण देण्याची जागा तिथे तयार आहे, फक्त शिकून बाहेर पडणाऱ्यांसाठी पदे नाहीत.

कार्यक्रम अधिकारी, मंडळांचे कार्यकर्ते आणि जिल्हा युवा अधिकारी यांनी आपापल्या ठिकाणचा अनुभव लेखी स्वरूपात केंद्रापर्यंत पोहोचवावा. किती नोंदणी झाली यापेक्षा किती तरुण वर्षभर टिकले, किती मुली शिबिराला आल्या, किती मंडळे बंद पडली आणि का, हे आकडे त्यांच्याजवळच आहेत. तालुक्याच्या पदाची मागणी याच आकड्यांच्या बळावर करता येईल.