विश्लेषण : लेवांडोवस्की परतला, पोलंड सावरला… कोण आहेत प्रशिक्षक यान उर्बान?

एप्रिल २०२५ मध्ये क्लबने नारळ दिला आणि जुलैमध्ये थेट देशाच्या संघाची सूत्रे हाती आली. तेव्हा ६३ वर्षांचे असलेले पोलंडचे प्रशिक्षक यान उर्बान यांची ही कहाणी. ते आले तेव्हा संघाचा सर्वात मोठा खेळाडू रुसून बसला होता आणि विश्वचषकाची वाट बिकट झाली होती. नोव्हेंबर २०२५ अखेर पोलंड प्ले-ऑफमध्ये पोहोचला.

वाद नेमका काय होता?

जून २०२५ मध्ये रॉबर्ट लेवांडोवस्कीने थकव्याचे कारण देत राष्ट्रीय संघाच्या सामन्यांतून विश्रांती घेतली. त्याच काळात तत्कालीन प्रशिक्षक मिहाऊ प्रोबेश यांनी त्याचे कर्णधारपद काढून पिओटर झेलिन्स्कीकडे दिले. लेवांडोवस्की २०१४ पासून कर्णधार होता. देशासाठी सर्वाधिक सामने आणि सर्वाधिक गोल, हे दोन्ही विक्रम त्याच्याच नावावर आहेत. प्रोबेश असेपर्यंत पोलंडकडून खेळणार नाही, असे त्याने जाहीर केले. १० जूनला हेलसिंकीत फिनलंडने पोलंडला २-१ असे हरवले आणि दोनच दिवसांत प्रोबेश यांनी राजीनामा दिला.

उर्बान खेळाडू म्हणून कसे होते?

आघाडीचे खेळाडू असलेल्या उर्बान यांनी गुर्निक झाब्झे या क्लबकडून १९८६, १९८७ आणि १९८८ अशी सलग तीन वर्षे पोलंडची लीग जिंकली. १९८६ च्या विश्वचषकातही ते खेळले. १९८९ मध्ये ते स्पेनच्या ओसासुना क्लबमध्ये गेले. डिसेंबर १९९० मध्ये माद्रिदला जाऊन ओसासुनाने रेआल माद्रिदचा ४-० असा धुव्वा उडवला, त्यातले तीन गोल उर्बान यांचे होते. त्या हंगामात ओसासुनाने लीगमध्ये चौथा क्रमांक पटकावला. पोलंडकडून ते ५७ सामने खेळले.

प्रशिक्षक म्हणून कामगिरी कशी?

यश मिळाले, स्थैर्य मात्र क्वचितच. २०१३ मध्ये लेगिया वॉर्सा संघाला त्यांनी लीग आणि चषक अशी दोन्ही विजेतीपदे मिळवून दिली. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संघ अग्रस्थानी असताना त्यांना पद गमवावे लागले. पुढे ओसासुनाचे प्रशिक्षकपदही हंगाम संपण्याआधीच गेले. गुर्निकने तर २०२२ मध्ये त्यांना काढले, २०२३ मध्ये पुन्हा बोलावले आणि २०२५ मध्ये पुन्हा काढले.

ही अस्थिरता फक्त त्यांच्या वाट्याला आली असे नाही. २०२२ च्या सुरुवातीपासून जुलै २०२५ पर्यंत राष्ट्रीय संघाने मिखनिएविच, फर्नांडो सांतोस, प्रोबेश आणि उर्बान असे चार प्रशिक्षक नेमले. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाबरोबर घडी नव्याने बसवावी लागली.

उर्बान यांनी काय बदलले?

पहिले काम मने जुळवण्याचे होते. सप्टेंबरच्या सामन्यांआधीच त्यांनी कर्णधारपद पुन्हा लेवांडोवस्कीकडे सोपवले. त्यानंतर रॉटरडॅममध्ये मॅटी कॅशच्या गोलमुळे नेदरलँड्सशी १-१ अशी बरोबरी साधता आली. तीन दिवसांनी फिनलंडवर ३-१ असा विजय मिळाला. त्यात कॅश, लेवांडोवस्की आणि याकुब कामिन्स्की यांनी गोल केले. पुढे लिथुआनिया आणि माल्टालाही हरवले, वॉर्सात नेदरलँड्सशी पुन्हा बरोबरी झाली.

उर्बान यांच्या काळात पाच पात्रता सामन्यांत पोलंडने तीन विजय आणि दोन बरोबरींसह ११ गुण मिळवले. एकूण १७ गुणांसह संघ गटात दुसरा आला, तर २० गुणांसह नेदरलँड्स थेट पात्र ठरला.

मग आता सगळे सुरळीत आहे का?

तसे म्हणणे घाईचे ठरेल. माल्टासारख्या दुबळ्या संघाविरुद्ध ३-२ अशी दमछाक झाली आणि विजयी गोलसाठी शेवटच्या काही मिनिटांपर्यंत थांबावे लागले. लेवांडोवस्की २०२५ मध्ये ३७ वर्षांचा झाला. त्याच्यावरचे अवलंबित्व कमी करण्याचा प्रश्न वाद मिटला म्हणून सुटलेला नाही, तो फक्त पुढे ढकलला गेला आहे.

पुढे काय?

मार्च २०२६ मध्ये वॉर्सात अल्बानियाशी एकच सामना होणार होता. तो जिंकल्यास युक्रेन किंवा स्वीडनविरुद्ध परक्या मैदानावर अंतिम लढत होती. परतीचा सामना नव्हता, त्यामुळे एक वाईट रात्रही विश्वचषक हिरावून घेऊ शकत होती. मोठ्या खेळाडूशी अधिकाराची लढाई लढून प्रशिक्षक जिंकत नाही, हे प्रोबेश प्रकरणाने दाखवले. नुसत्या समेटाने विश्वचषक गाठता येतो का, याची परीक्षा तेव्हा उर्बान यांना द्यायची होती.